टेडी अस्वलासाठी घरी रंगवलेल्या मोहेअर कापडाची लव (वरचे उभे केस) रंगते, पण मागचं कापड पांढरंच का राहतं?

कारण लव अंगोरा बकरीच्या केसांची, तर मागचं विणकाम बहुतेकदा सुती. ॲसिड डाय, म्हणजे आम्लात चढणारा रंग, केसांना धरतो, सुताला जवळजवळ नाही. अस्वल शिवल्यावर पाठ आतच जाते, त्यामुळे फारसं बिघडत नाही. सुती कापडाचा सोडा घालून चढवायचा रंग मात्र वापरू नका. सोड्याने केस खरखरीत होतात.

१०० ग्रॅम कापडाला ३ लिटर पाणी, मध्यम छटेसाठी १ ग्रॅम रंग, ४ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. इंदूरला बोअरचं जड पाणी असेल तर ॲसिड थोडं वाढवा. नर्मदेचं मिळालं तर उत्तमच. कापड आधी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, कोरडं टाकलं की डाग पडतात. स्टीलचं पातेलं घ्या, पुन्हा स्वयंपाकाला नको. आच हळूहळू वाढवत ८५ अंशांपर्यंत न्या, ४० मिनिटं ठेवा. उकळी आणि ढवळाढवळ, दोन्हींनी लव गुंतते. पाणी जवळपास स्वच्छ दिसलं की गॅस बंद. कापड त्यातच गार होऊ द्या. गरम कापड थंड नळाखाली धरू नका.

पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. सावलीत वाळल्यावर ब्रशने लव उभी करा. सुती पाठ थोडी आटते, म्हणून पॅटर्न रंगवल्यानंतरच आखा.