चार्टर (म्हणजे भाड्याने घेतलेल्या विमानाचा) पायलट फोन जवळ ठेवून हॉटेलात थांबला, तर ती विश्रांती धरतात का?

अमेरिकेत तरी नाही. एफएए या तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या भाग 135 (चार्टर उड्डाणांचे नियम) नुसार ड्युटी संपण्याच्या वेळेपासून मागे मोजलेल्या 24 तासांत सलग 10 तास विश्रांती हवी. ती आधीच ठरलेली आणि कामाच्या जबाबदारीतून पूर्ण मोकळी असावी लागते. ‘फोन आला की उचलायचाच’ असं बंधन असेल, तर ती विश्रांती नव्हेच. मग माणूस दिवसभर गाढ झोपलेला का असेना!

खरी गोम शेवटच्या रिकाम्या फेरीत आहे. प्रवासी उतरवून विमान मोकळं परत न्यायचं असेल, तर ते भाग 91 (सर्वसाधारण उड्डाणांचे सैल नियम) खाली नेता येतं आणि ते तास चार्टरच्या उड्डाणमर्यादेत (24 तासांत दोन पायलट असतील तर 10 तास, एकटा असेल तर 8) धरत नाहीत. म्हणजे थकलेल्या पायलटनेच रात्री विमान घरी आणायचं, तेही कायदेशीरपणे. 2014 पासून प्रवासी एअरलाइन्सना लागू झालेले कडक नियम चार्टरवाल्यांना बंधनकारक नाहीत.