मुलांना मतदानाचं महत्त्व कसं शिकवावं?

भाषण देऊन नाही, प्रत्यक्ष मत द्यायला लावून. वर्गाचा मॉनिटर बाईंनी नेमण्याऐवजी मुलांना निवडू द्या, पण हात वर करून नको. जिगरी दोस्तासमोर त्याच्याविरुद्ध हात वर करायला कोण धजेल? वहीच्या पानाच्या चिठ्ठ्या करा, घडी घालून खोक्यात टाका, सगळ्यांदेखत मोजा. मत गुप्त का ठेवायचं, ते पाचवीतल्या पोरालाही लगेच उमगतं. हरलेल्या मुलालाही बोलतं करा, माझ्या मते हे सगळ्यात मोलाचं.

घरी मतदार यादीत आईबाबांची नावं मुलांनाच शोधू द्या. १९८९ पर्यंत मतदानाचं वय २१ होतं, हेही सांगा. मूल सतरा पूर्ण झालं की नावनोंदणीचा अर्ज आगाऊ भरता येतो, तो त्याच्याच हातून भरून घ्या.