साल १९८६, वय अकरा

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत. तेरा वर्षांच्या एका ‘मैत्रिणी’शी दोन महिने मेलवर बोलत होती. मैत्रिणीनं आधी शाळेच्या गणवेशातला फोटो मागितला, तो हिनं पाठवला. मग रात्रीचा, दार लावून काढलेला फोटो मागितला, तेव्हा घाबरून रडत तुमच्याकडे आली. आता फोन कपाटात कुलपात आहे, तिचे बाबा आठ दिवस तिच्याशी बोलत नाहीत, आणि तुम्ही मला विचारता की नजर ठेवायला कोणतं अ‍ॅप घ्यावं आणि या पोरीला अक्कल कधी येणार.

पत्राच्या शेवटाकडे तुम्ही एक ओळ लिहिली आहे: ‘शाळेच्या प्रोजेक्टसाठी मेल लागत होता, तर ह्यांनी स्वतःचं जन्मसाल टाकून खातं काढून दिलं, ते जाऊ द्या.’

काहून जाऊ देऊ, ताई?

गूगलचं खातं स्वतःचं स्वतः चालवायला आपल्याकडे तेरा वर्षं पूर्ण लागतात. त्याहून लहान लेकराचं खातं आईवडिलांनी फॅमिली लिंक या गूगलच्याच देखरेखीच्या सोयीतून काढायचं असतं. ती पाच मिनिटांची खटपट वाचवायला बाबांनी १९८६ लिहिलं. तेव्हापासून गूगलच्या हिशेबी तुमची लेक चाळिशीची बाई आहे. अठरा वर्षांखालच्यांसाठी शोधातली अश्लील चित्रं आपोआप गाळली जातात, जाहिराती त्यांच्या आवडीनिवडी हेरून दाखवल्या जात नाहीत, यूट्यूबवर एकामागून एक व्हिडिओ आपसूक सुरू होत नाहीत. यातलं काहीच तिच्या वाट्याला आलं नाही. एवढं केलं असतं तर ‘मैत्रीण’ बनून आलेला तो माणूस आलाच नसता, असं मी म्हणत नाही. पण घराचं दार बाबांनी उघडं ठेवलं आणि राग निघतोय तो लेकरावर.

याहून मला जास्त टोचतं ते वेगळंच. खातं काढताना ती बाजूलाच बसली असणार. इंटरनेटवर वय खोटं सांगायचं असतं, मोठी माणसंही सांगतात, हा धडा तिला घरातच मिळाला. समोरच्यानंही तेच केलं. तेरा वर्षांची मुलगी म्हणून तो आला. ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ हे तुम्ही तिला शंभरदा सांगितलं असेल, पण दोन महिने रोज चित्रकलेबद्दल बोलणारी मैत्रीण कोणत्या लेकराला अनोळखी वाटेल? आणि ज्या क्षणी तिला खटकलं त्या क्षणी ती धावत आली. यापेक्षा आणखी कसली अक्कल हवी? आली, तर तिला अबोला मिळाला. पुढच्या वेळी ती येणार नाही, याची मला भीती वाटते.

म्हणून अ‍ॅपचं नाव मी सांगत नाही. आज रात्री जेवणं झाली की बाबांनी तिच्याशेजारी बसायचं आणि स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, ‘साल मी खोटं टाकलं होतं, चूक माझी.’ तुम्ही त्यांच्या वतीनं बोलायचं नाही. मग तिच्यासमोर कपाट उघडायचं.

त्या माणसाचा एकही मेल पुसू नका, त्याला शिव्या देणारं उत्तरही धाडू नका. प्रत्येक मेलचा, पत्त्यासकट आणि तारखेसकट, स्क्रीनशॉट घ्या. मेल छापूनही ठेवा. त्यानंतरच जन्मसाल बदला, कारण वय तेराखाली गेलं की गूगल आईवडिलांची देखरेख जोडायला ठरावीक मुदत देतं, आणि ती हुकली तर खातं बंद होतं. पुरावा त्याच्यातच आहे.

उद्या सकाळी तक्रार. सायबर पोलीस ठाण्यात जा, नाहीतर तुमच्या त्रिमूर्तीनगरहून जवळ पडेल त्या ठाण्यात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्याही नोंदवता येते, आणि १०९८ ही मुलांची हेल्पलाइन कधीही उचलली जाते. गणवेशावरून त्याला शाळा कळली असणार, तेव्हा मुख्याध्यापिकांनाही उद्याच भेटा.

‘नाव बाहेर गेलं तर नातेवाइकांत तोंड कसं दाखवू’ असं तुम्ही लिहिलंय. लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा नीट वाचला तर ही भीती अर्धी कमी होईल. मुलीचा जबाब तुमच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षक घेते, आणि तेव्हा अंगात वर्दी नसते. आईवडिलांना सोबत बसता येतं. रात्री लेकराला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. तिचं नाव, शाळा, पत्ता, काहीही छापायला वर्तमानपत्रांना बंदी आहे.

जबाबाच्या वेळी बाबा तिच्या बाजूला बसलेले असू द्या. आठ दिवस ते बोलले नाहीत. ती आधी त्यांच्याकडेच पाहील.