सर्व्हरला कोणतं कुलूप लावावं? तुमचे प्रश्न

प्रश्न : उबुंटू सर्व्हरवर अ‍ॅपआर्मर आहे. एसई-लिनक्स जास्त कडक म्हणतात. बदलू का?

नका बदलू. दोन्ही म्हणजे कुठल्या प्रोग्रामने कशाला हात लावायचा हे ठरवणारे पहारेकरी. डिस्ट्रोसोबत, म्हणजे तुमच्या लिनक्सच्या प्रकारासोबत, जे आलंय तेच वापरा. उबुंटूत अ‍ॅपआर्मर, फेडोरा आणि रेड हॅटमध्ये एसई-लिनक्स. डेबियनमध्येही २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून अ‍ॅपआर्मर आपोआप सुरू असतं. त्याचे नियम त्या त्या डिस्ट्रोच्या लोकांनी लिहून, तपासून दिलेले असतात. बदललंत की ते सगळं काम तुमच्या गळ्यात.

प्रश्न : होम फोल्डरमधली वेबसाइट फेडोरावर व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएलमध्ये हलवली. परवानग्या बरोबर आहेत, तरी ४०३ (प्रवेश नाकारला) येतं. ओळखीच्या एकाने एसई-लिनक्स बंदच करायला सांगितलं.

कृपया बंद करू नका. हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता जीव तुटतो. फाइलींची यादी दाखवणारी एलएस कमांड कॅपिटल झेड ऑप्शनसह चालवून पाहा, फाइलींवर 'यूजर_होम_टी' असं एसई-लिनक्सचं लेबल दिसेल, म्हणजे 'घरातली फाइल'. एमव्ही कमांडने फाइल हलवली की जुनं लेबल सोबत येतं. सीपीने कॉपी केली असती तर नव्या जागेचं लागलं असतं. वेब सर्व्हरला घरातल्या फाइली वाचायची मुभा नाही, म्हणून त्याला अडवलंय. म्हणजे एसई-लिनक्स आपलं काम चोख करतंय! त्या डिरेक्टरीवर, जागेप्रमाणे लेबलं परत लावणारी रिस्टोअरकॉन कमांड चालवा, सगळ्या सबफोल्डरांसकट. मिनिटभराचं काम.

तरीही अडलं तर तेवढ्यापुरतं पर्मिसिव्ह मोडवर जा. तिथे अडवणूक होत नाही, पण कुठे अडवलं असतं ते ऑडिट लॉग या नोंदींच्या फाइलीत उतरतं. पूर्ण बंद केलंत तर त्या काळात बनलेल्या फाइलींना लेबलच लागत नाहीत, आणि परत सुरू करताना अख्ख्या डिस्कचं लेबलिंग करावं लागतं.

प्रश्न : लिनिस या सुरक्षा तपासणाऱ्या टूलने सर्व्हरला ६२ गुण दिले. १०० कसे मिळवू?

गुणांच्या मागे लागू नका, सूचना वाचा. लिनिस फक्त तपासतं, दुरुस्त काहीच करत नाही, आणि ते मला बरंच वाटतं. एका वेळी एकच बदल करा. एसएसएचचं (दुरून सर्व्हरवर जायची सोय) पासवर्ड लॉगिन बंद करताना चालू सेशन उघडंच ठेवा, दुसऱ्या टर्मिनलमधून एसएसएच-की (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली-फाइल) वापरून आत जाता येतंय हे पाहा, मगच पहिलं सोडा. नाहीतर स्वतःच दाराबाहेर राहाल.

प्रश्न : यूएफडब्ल्यू फायरवॉलने ५४३२ पोर्ट बंद केलं, तरी डॉकरमधला (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं टूल) पोस्टग्रेस डेटाबेस बाहेरून दिसतो.

डॉकर पोर्ट उघडताना स्वतःचे आयपीटेबल्स (लिनक्सचं मूळ फायरवॉल) नियम घालतो, त्यामुळे ती रहदारी यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही. पोर्ट पब्लिश करताना, म्हणजे कंटेनरबाहेर खुलं करताना, त्याच्या आधी १२७.०.०.१ लिहा, म्हणजे ते त्याच मशीनपुरतं राहील. डेटाबेस दुसऱ्या कंटेनरलाच लागत असेल तर पब्लिशच करू नका, दोघांना एका डॉकर नेटवर्कवर ठेवा. बदल झाला की मोबाइलच्या डेटावरून जोडून बघा. सर्व्हरवर बसून केलेली तपासणी इथे फसवते.