पहिला दिवस हुकला म्हणून हळहळू नका

प्रश्न : बाबांना बारा दिवसांपूर्वी स्ट्रोक आला, उजवी बाजू लुळी पडली. वय ६३. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी त्यांना जेमतेम दहा मिनिटं पलंगाच्या कडेला बसवलं. कालच घरी आणलंय. काका म्हणतात, महिनाभर निजून राहू दे. भाऊ म्हणतो, पहिल्याच दिवशी चालवायला हवं होतं, आता वेळ गेली. कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही नको. आधी भावाच्या मनातली रुखरुख काढा. ती दहा मिनिटं योग्यच होती. २०१५मध्ये ‘अ‍ॅव्हर्ट’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. पाच देशांतले २,१०४ रुग्ण होते. पहिल्या चोवीस तासांतच ज्यांना उठवून जास्त वेळ, जास्त वेळा हालचाल करायला लावली, त्यांच्यातले ४६ टक्के तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकत होते. नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्यांत हे प्रमाण ५० टक्के होतं. पण त्यांनाही कुणी महिनाभर निजवून ठेवलं नव्हतं, एवढं काकांना जरूर सांगा.

मला खरी काळजी पुढची आहे. २०२१च्या एका छोट्या अभ्यासात ७२ रुग्ण होते. एक गट वगळून बाकीच्यांना, वेगवेगळ्या वेळी, हाताच्या व्यायामाचे वीस तास जादा दिले. स्ट्रोकनंतर दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान ज्यांना ते मिळाले, त्यांचा हात वर्षाअखेरीस सगळ्यांत जास्त सुधारला होता. पहिल्या महिन्यात सुरुवात केलेल्यांनाही फायदा झाला, पण थोडा कमी. सहा महिन्यांनंतर दिलेल्या जादा तासांचा म्हणावा तसा उपयोग दिसला नाही. म्हणजे बाबांचा मोलाचा काळ अजून यायचाय. आणि फिजिओथेरपिस्ट म्हणून इतकी वर्षं घरोघरी जाताना मी पाहते, नेमक्या त्याच सुमाराला घरातली माणसं थकतात. रजा संपतात, व्यायाम उद्यावर जातो.

आत्ता थोडा थोडा वेळ, पण दिवसातून अनेकदा. बीपी किती वर गेलं तर थांबायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. खुर्चीतून उठण्याचा सराव रोज हवा. टाचा जमिनीला टेकलेल्या, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे. नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं, मग उठायचं. बहुतेक जण सगळा भार चांगल्या पायावर टाकतात. तुम्ही उजव्या बाजूला उभ्या राहा आणि त्या गुडघ्यावर हात ठेवून ‘बाबा, इथे भार द्या’ म्हणा. उजवा हात धरून ओढू नका, काखेत हात घालूनही उचलू नका. लुळा खांदा सैल झालेला असतो, एका झटक्याने महिनोन्महिने दुखत राहतो. निजल्यावर त्या हाताखाली उशी द्या.

ते दुपारी गाढ झोपले तर झोपू द्या. या आजारातला थकवा खरा असतो, तो आळस नव्हे.

आणि भावाला एवढंच सांगा, तिसऱ्या महिन्यातली रोजची संध्याकाळ आजच बाबांच्या हातासाठी राखून ठेव.