स्टॅलियनच्या वृषणाची बायोप्सी: सुरुवात करणाऱ्यांसाठी

पुण्याजवळच्या स्टड फार्मवर रुजू होताच तुम्ही स्टॅलियनच्या, म्हणजे प्रजननासाठी ठेवलेल्या घोड्याच्या, वृषणाच्या बायोप्सीची (तपासणीसाठी सुईने बारीक तुकडा काढण्याची) चौकशी केलीत, याचा आनंद वाटला. मात्र ही पहिली नव्हे, अखेरच्या टप्प्यातली तपासणी आहे. तासाभराच्या अंतराने घेतलेले वीर्याचे दोन नमुने, वृषणांचे मोजमाप आणि सोनोग्राफी यांतूनच प्रजननक्षमतेच्या तक्रारीचा बहुतेक वेळा पुरेसा उलगडा होतो.

बायोप्सी खरोखरच लागली, तर एवढे सांभाळा:

- घोडा गुंगीत, पण उभा असावा. सुई वृषणाच्या पुढच्या, बाहेरच्या बाजूने घालावी, कारण तेथे मोठ्या रक्तवाहिन्या कमी असतात. अधिवृषणाला (वृषणाला चिकटलेल्या, शुक्राणू साठवणाऱ्या नळीला) ती मुळीच लागू देऊ नये.
- नमुना साध्या फॉर्मॅलिनऐवजी बुआँच्या द्रावणात (ऊतींची रचना टिकवणाऱ्या रसायनात) ठेवावा. नवशिक्यांची चूक बहुधा येथेच होते: सुई अचूक जाते, पण सुईच्या खाचेतला तो नाजूक तुकडा चिमट्याने ओढताना चेंगरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू तयार करणाऱ्या नलिकांची रचनाच वाचता येत नाही. तो द्रावणात अलगद सोडावा.

निष्कर्षाची घाई करू नका. शुक्राणू तयार होण्यास सुमारे ५७ दिवस लागतात, त्यामुळे एप्रिलमध्ये आलेल्या तापाचा परिणाम जूनमधल्या वीर्यातही दिसू शकतो. पहिल्या काही बायोप्सी अनुभवी पशुवैद्यांच्या देखरेखीखालीच करा. हात निश्चित बसेल.