लायनर डोळा उघडला की गायब? आधी हे कर

अगं, लायनर दिसत नाही यात तुझ्या हाताचा दोष नाही. वरची पापणी जरा खाली उतरलेली असली की डोळा उघडताच पापणीची घडी लायनरची रेघ गिळून टाकते. माझंही तेच आहे. मेकअप शिकवणाऱ्या व्हिडिओतल्या बाईची पापणी बहुतेकदा रुंद असते, तिचं माप आपल्याला चालत नाही.

आरसा नजरेसमोर धर, सरळ बघ, डोळे उघडेच ठेव. आयशॅडोचा गडद रंग घडीत भरू नकोस. घडीच्या किंचित वर ठिपका दे, उघड्या डोळ्याने दिसला तरच पसरव. लायनरची शेपूटही, म्हणजे बाहेरच्या कोपऱ्यातून पुढे ओढलेली रेघ, अशीच, उघड्या डोळ्याने. मिटल्यावर ती थोडी तुटकी दिसेल, दिसू दे.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- पापणी बोटाने ताणून रेघ ओढणं. बोट सोडलं की रेघेला सुरकुती पडते.
- जाड रेघ. आधीच कमी असलेली जागा संपते. पापणीच्या केसांच्या मुळांशी पेन्सिलने ठिपके जोड, पुरे.
- तेलकट पापणीवर काजळ. मी वर्षभर दुपारी पांडा होऊन फिरले! आधी टिशूने टिप, मग चिमूटभर पावडर.
- लग्नघरात एकच काजळ सगळ्यांनी फिरवणं. डोळे आलेली एक जण पुरते.

घडीच नसेल तर रेघ थोडी जाड चालते. डोळे खोल असतील तर पापणीवर फिका रंग लाव.

खोट्या पापण्या, ग्लिटर, कट क्रीज (घडीवर रंगाची ठळक, कापल्यासारखी कड) सध्या राहू दे. महिनाभर एक तपकिरी पेन्सिल आणि मस्कारा. लेन्स लावत असशील तर लेन्स आधी, मेकअप नंतर.